खरखर हवी, पण येत नाही!

रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये राहिला की जी सलग खरखर ऐकू येते, ती आपल्याला नकोशी वाटते. सिंथेसायझर बांधणाऱ्याला मात्र नेमकी तीच हवी असते. वाऱ्याचा घोंगावणारा स्वर, समुद्राची गाज, झांजेची झळझळ हे सारे तो तिच्यातूनच चाळून काढतो. १९७० सालच्या मिनीमूग या वाद्यातही खरखरीची अशी सोय होती.

घरी करायचे मंडल अगदी लहान आहे. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर मोकळा सोडा, बेस बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा आणि एमिटरला १०० किलोओहमच्या रोधकातून धन टोक द्या. जोडणी उलटी दिसते ना? ती मुद्दामच उलटी आहे. बेस आणि एमिटर यांच्या संधीवरचे उलटे व्होल्टेज साधारण ७ ते ९ झाले की वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन अणूवर आदळून दुसऱ्याला मोकळा करतो, मग ते दोघे आणखी काहींना. घाटात एका दगडाने दरड सुटावी तसाच हा प्रकार! असे लोट केव्हा सुटतील याला नियम नाही, म्हणून प्रवाह सतत थरथरतो. ही थरथर ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून प्रवर्धकाकडे न्यायची.

आता समजा, आवाजच आला नाही. लगेच सगळे भाग बदलत बसू नका. एमिटर आणि बेस यांमधले व्होल्टेज मोजा. ते ०.६ च्या आसपास असेल तर या दोन पायांची अदलाबदल झाली आहे. बॅटरीइतकेच असेल तर दरड सुटलेलीच नाही. ९ व्होल्टची एकच बॅटरी लावणाऱ्यांची बहुधा हीच रड असते. बॅटरी नवी असताना खरखर येते, थोडी उतरली की मंडल गप्प! दोन बॅटऱ्या एकसर जोडून १८ व्होल्ट द्या, म्हणजे व्होल्टेज ७ ते ९ च्या दरम्यान स्थिरावेल. तरीही आवाज नसेल तर दोष कंडेन्सरच्या पुढे शोधा. मोजायला अंकी मीटरच घ्या. काट्याचा साधा मीटर स्वतःच प्रवाह ओढतो. त्याचा रोध २०० किलोओहम असेल, तर गप्प मंडलात तो ९ च्या जागी ६ व्होल्ट दाखवील आणि तुम्ही भलत्याच वाटेला लागाल.

कधी आवाज येतो, पण कांबळ्याखालून आल्यासारखा. इथे गुन्हेगार प्रवर्धक असतो. ७४१ या आयसीत वर्धनाचा पट आणि वारंवारतेची मर्यादा यांचा गुणाकार सुमारे १० लाख हर्ट्झ भरतो. एकाच टप्प्यात १००० पट वर्धन मागितले तर १००० हर्ट्झच्या वरचे स्वर क्षीण होत जातात. मग झांज वाजणार कशी? त्याऐवजी ३० पटींचे दोन टप्पे एकापुढे एक लावा. वर्धन ९०० पट होते आणि मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास जाते.

एकाच पुड्यातले पाच ट्रान्झिस्टरही सारखे खरखरत नाहीत, तेव्हा सॉकेट बसवून चारदोन लावून पाहा. निवडलेला ट्रान्झिस्टर पुढे दुसऱ्या प्रवर्धकात मात्र वापरू नका, कारण उलट्या प्रवाहाने त्याचे वर्धन कायमचे घटते. त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवा.