निर्मळ ग्रंथींचा भरंवसा किती?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यथासांग पार पडली म्हणजे रोग्याच्या आप्तांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टरसाहेब, सगळें निघालें ना?' या प्रश्नाचें खरें उत्तर शस्त्रवैद्याच्या हातीं नसतें. तें कांहीं दिवसांनीं मिळतें, आणि तें देतात कापून काढलेल्या आतड्यालगतच्या चरबींत दडलेल्या, वाटाण्याहूनही बहुधा लहान अशा लसीकाग्रंथी.

शरीरांत रक्तवाहिन्यांप्रमाणेंच लसीकेच्याही बारीक वाहिन्या असतात. पेशींच्या फटींतून झिरपलेला द्रव त्या गोळा करतात, ग्रंथींतून गाळतात व पुन्हां रक्ताला पोंचवितात. मूळ अर्बुदांतून सुटलेल्या कर्कपेशी या वाटेनें निघाल्या तर प्रथम या जकातनाक्यांवरच अडकतात. लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळांतील कथबर्ट ड्यूक्स यांनीं १९३२ सालीं गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन वर्ग पाडले, त्यांत ग्रंथींत शिरलेला रोग हीच तिसऱ्या व सर्वांत गंभीर वर्गाची खूण होती. आजही ग्रंथी सदोष निघाल्या तर शस्त्रक्रियेनंतर सहसा केमोथेरपीचीं औषधें देतात. निर्मळ निघाल्या तर बहुतेकांना तीं देत नाहींत.

पण निर्मळ ग्रंथींच्या रोग्यांपैकींही कांहींना, शेंकडा वीस-पंचवीसांपर्यंत, रोग पुन्हां गांठतो. हें कसें? एक कारण निव्वळ हिशेबाचें आहे. पांच मिलिमीटर जाडीच्या ग्रंथीचे पांच मायक्रॉन जाडीचे काप केले तर ते एक हजार होतील. सूक्ष्मदर्शकाखालीं जातात ते त्यांतले एक-दोन. निदान बारा ग्रंथी तरी तपासाव्यात असा संकेत आहे खरा. पण न पाहिलेल्या नऊशें अठ्ठ्याण्णव कापांवर तो उपाय नव्हे.

येथें प्रथिनें उपयोगी पडतात. आतड्याच्या अस्तरांतील पेशी केराटिनवर्गांतील कांहीं विशिष्ट प्रथिनें तयार करतात. ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींत तीं सहसा नसतात. त्या प्रथिनालाच चिकटणारें प्रतिद्रव्य कापावर सोडून त्याला रंगाची जोड दिली कीं हजारों निळ्या पेशींत एकच तपकिरी पेशी उठून दिसते. सोलापूरच्या पेठेंत मासेमारीची होडी दिसावी तसेंच हें. ती तेथली नव्हे, बाहेरून आली, एवढें निश्चित.

दुसरी रीत याहून सूक्ष्म आहे. तींत काप न पाहतां ग्रंथीचा तुकडा वाटून घेतात व प्रथिन घडविण्याचा पेशींतील संदेश, म्हणजे संदेशवाहक आर. एन. ए., शोधतात. हॉलंडांतील लायडन येथें असा शोध सव्वीस रोग्यांच्या 'निर्मळ' ग्रंथींत घेतला गेला; तो १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. चौदा जणांच्या ग्रंथींत संदेश सांपडला. केवळ कर्करोगानें झालेले मृत्यू धरले तर त्या चौदांत पांच वर्षें जगण्याचें प्रमाण शेंकडा ५० पडलें, उरलेल्यांत ९१. आंकडे बोलके, पण रोगी फारच थोडे.

फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठांतील स्कॉट वॉल्डमन व सहकाऱ्यांनीं दुसऱ्या एका प्रथिनाचा, ग्वानिलिल सायक्लेज सी याचा, संदेश २५७ रोग्यांत शोधला आणि २००९ सालीं निष्कर्ष मांडले. ३२ जणांत तो नव्हता. त्यांपैकीं दोघांनाच रोग उलटला. २२५ जणांत तो होता; त्यांपैकीं ४७ जणांना उलटला. खरी अडचण या दुसऱ्या आंकड्यांत आहे. संदेश सांपडूनही १७८ जण पाहणीच्या काळांत रोगमुक्तच राहिले. सर्व २२५ जणांना तीं जहाल औषधें दिलीं असतीं, तर या १७८ जणांतील बहुतेकांनीं मळमळ, अशक्तपणा व हातापायांची बधिरता विनाकारण सोसली असती. वाट चुकून आलेली पेशी तेथें रुजेलच असें नाहीं. पुष्कळदां ग्रंथीच तिचा निकाल लावते.

म्हणून प्रचलित वर्गीकरणांत सुट्या पेशी किंवा ०.२ मिलिमीटरहून लहान पुंजका आढळला तरी ग्रंथि निर्मळच गणतात. त्याहून मोठा असल्यास सदोष. अहवालांत अशा पेशींचा उल्लेख आला तर डॉक्टर तो एकटा पाहत नाहींत. अर्बुद आतड्याच्या भिंतींत किती खोल गेलें होतें, आतडें तुंबलें वा फुटलें होतें काय, किती ग्रंथी हातीं लागल्या आणि रोग्याचें वय व ताकद किती, हें सारें शेजारीं ठेवून औषधांचा निर्णय करतात.