धारचं स्टेशन, देवासची गच्ची

आमच्या देवासच्या घरी दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की आई न बघताच कुकरमध्ये अर्धी वाटी तांदूळ जास्त टाकते. धारचे काका आलेले असतात. धारहून बसने इंदूर, गंगवाल बस स्टँडवर उतरायचं, शहर ओलांडायचं, दुसरी बस धरायची आणि देवास. शंभरेक किलोमीटर. पिशवीत एक लुंगी, दाढीचं सामान, आईसाठी काहीतरी गोड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा सिग्नल.

हो, सिग्नलच. करंगळीएवढा. आमच्या गच्चीवरच्या खोलीत बाबा, काका आणि त्यांची मित्रमंडळी छोट्या आगगाड्या चालवतात. ही मंडळी म्हणजे कुठली संस्था नव्हे. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. बाबा कारखान्यातून निवृत्त, काका शाळेत गणित शिकवून निवृत्त, वायरिंगचं काम बघणारे एक चाचा आणि इंदूरला इंजिनिअरिंग शिकणारा शेजारचा मुलगा. बोलणं मराठीत सुरू होतं, भांडण हिंदीत जातं आणि समेट माळवीत होतो. पुण्याची मावशी आमचं मराठी ऐकून हसते. तिला या खोलीत एक रविवार बसवलं पाहिजे.

खोलीत घुसल्याबरोबर डावीकडे कमरेएवढ्या उंचीवर प्लायवूडचं टेबल आहे, तिन्ही भिंतींना लागून गेलेलं. एका टोकाला देवास: मागे प्लास्टर ऑफ पॅरिसची माताजीची टेकरी, खाली स्टेशन. दुसऱ्या टोकाला धार: लाल दगडाचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी दोन फलाटांचं एक टुमदार स्टेशन.

आता तुमच्यापैकी कुणी माळव्यातलं असेल तर इथे अडखळेल. धारला स्टेशन कुठे होतं?

२०१९ पर्यंत तरी नव्हतंच. गंमत तीच आहे, आणि भांडणही तेच. माळव्यात रेल्वे लवकर आली, पण पवारांच्या राजधान्या बाजूलाच राहिल्या. तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या बोलीने कर्जाऊ दिले आणि खांडव्याहून घाट चढून इंदूरपर्यंत मीटर गेज आणली. देवासमध्ये तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदत होती, पण स्टेशन एकही नव्हतं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले, तेही रेल्वेविना. देवासला गाडी आली ती स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, इंदूर-उज्जैन ब्रॉडगेज झाली तेव्हा. धार मात्र राहिलंच. इंदूर-दाहोद मार्गाची कोनशिला २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते बसली. पीथमपूरजवळ टीहीला तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा आहे, तो पार झाल्याशिवाय धारला गाडी येणार नव्हती. २०१९ संपत आलं होतं. काका अजून गंगवालला उतरत होते.

बाबांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच: मॉडेल म्हणजे जे आहे त्याची नक्कल. नसलेल्या स्टेशनाची नक्कल कशी करणार? त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं आहे. “तुमचं देवास १९६० पर्यंत नव्हतंच की! मग तुमच्या स्टेशनाला अर्धीच मान्यता.”

या दोघांची ओळखही गाडीमुळेच. पातालपाणी ते कालाकुंड हा घाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे, ४० फुटांत एक फूट असा चढ आहे तो. खालून येणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून आणखी एक इंजिन जोडायचे. गाडी थांबली की लोक कलाकंद घ्यायला धावत. माझी आई लग्नानंतर पहिल्यांदा त्या गाडीने गेली तेव्हा नवरा कलाकंद आणायला म्हणून उतरला आणि रिकाम्या हाताने, इंजिनाचा नंबर हातावर लिहून परत आला. सोबत एक अनोळखी गृहस्थ. त्यांच्याही हातावर तोच नंबर. आई म्हणते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या घाटात २०१८ च्या डिसेंबरपासून मोठ्या काचांची हेरिटेज गाडी चालू झाली. ही मंडळी पावसाळ्यात जाऊन आली, आणि तिथेही दोघं नंबर लिहीत होते.

खोलीतलं पहिलं मोठं भांडण प्रमाणावरून झालं. हे जरा समजावून सांगते, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ‘छोटी गाडी’ म्हणजे चावीचं खेळणं वाटतं. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप ‘एचओ’, म्हणजे खऱ्याच्या एक सत्याऐंशीअंश. साडेपाच फुटांचा माणूस यात १९ मिलिमीटरचा होतो आणि आपला नेहमीचा निळा डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा. पण या मापाचे रूळ बनले ते युरोप-अमेरिकेच्या गाड्यांसाठी. तिकडचा गेज १४३५ मिलिमीटर, म्हणून टेबलावर साडेसोळा. आपला ब्रॉडगेज १६७६. तो याच मापात आणला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा, आणि तसे रूळ दुकानात मिळत नाहीत. परिणामी आपला रुंद डबा त्या अरुंद रुळांवर उभा केला की मोठ्या माणसाने धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखा दिसतो.

काका गणिताचे. त्यांनी कागदावर मांडलं की प्रमाण एकास शंभर धरलं तर ब्रॉडगेज पावणेसतरा मिलिमीटरचा होतो, साडेसोळाच्या रुळांना जवळपास तंतोतंत. बाबा म्हणाले, “बरोबर आहे सर, पण मग इंजिन, डबे, माणसं, गाई, सगळं आपल्याच हाताने कापायचं. या जन्मात गाडी सुटायची नाही.” दीड महिना अबोला. म्हणजे काका येत होते, जेवत होते, फक्त बोलत नव्हते. शेवटी एकास सत्याऐंशी ठरलं. पण काकांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: ‘चूक: २.७६ मि.मी.’ दर दिवाळीला घर रंगवतात तेव्हा ती ओळ सोडून रंग लावतात.

हे वेड फक्त यांचंच आहे असं समजू नका. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. अख्खं गाव, सर्कस, गाडीत बसून पाहायचं सिनेमागृह आणि त्यातून पळणाऱ्या गाड्या. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा मुलांना जरूर न्या. आणि ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी तर प्रसिद्धच आहे: रुळांवरून फिरत पाहुण्यांपुढे येते, त्यांनी काचेचं भांडं उचललं की थांबते, परत ठेवलं की पुढे जाते. आईचं मत, इतक्या वर्षांत बाबांनी निदान तेवढं तरी करायला हवं होतं. मीठ मागावं लागलं नसतं.

आमच्या गच्चीवर चांदी नाही. जमीन म्हणजे वापरून वाळवलेली चहापूड. झाडं म्हणजे हिरव्या रंगात घोळवलेला लाकडाचा भुसा, तारेच्या फांद्यांवर चिकटवलेला. मी लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरायचे, तीच विद्या. फक्त हे किल्ले दिवाळीनंतर मोडत नाहीत. खरा शत्रू माळव्याची धूळ. रुळांतूनच इंजिनाला वीज मिळते, त्यामुळे धुळीचा पापुद्रा बसला की गाडी उचक्या देत थांबते. म्हणून रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या आधी सगळे जण स्पिरिटमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन रूळ पुसतात. खोलीत एक नियम आहे. शुगर-बीपीचा विषय जो काढेल त्याने पुढच्या वेळची जलेबी आणायची. जलेबी कधी कमी पडलेली नाही.

डोळ्यांचा विषय मात्र कुणी काढला नव्हता.

मी बंगळुरूला असते. दिवाळीला घरी गेले ती त्या वर्षी दोन आठवडे राहिले. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी काका आले. जेवण झाल्यावर लगेच वर गेले, धारच्या स्टेशनात नवी लाइन टाकायची होती. मी दिवा धरून उभी होते. काका रुळाकडे बघताना मान वळवत होते, कोंबडी दाणा बघते तशी, तिरकी. मधेच बोटांनी चाचपत. दोन रूळ जोडायला पत्र्याची बारीकशी पट्टी असते, रुळाचं टोक तिच्यात सरकवायचं. त्यांनी ते तिच्यावर चढवलं. मला दिसलं. मी काही बोलले नाही, मला वाटलं दमले असतील.

रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर गच्चीवर उजेड. बाबा एकटेच, कपाळावर भिंग बांधून, काकांनी टाकलेला रूळ हलक्या हाताने उचलत होते. पट्टीत नीट बसवून, खडी पूर्ववत पसरून, ब्रशने सारखी करत होते. मला बघून ओशाळले.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. पडद्याचा आजार आहे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं.”

“तुम्हाला काकांनी सांगितलं?”

“नाही. त्यांच्या मुलाने फोन केला होता. तू बोलू नकोस.”

मला रागच आला. काकांना फसवल्यासारखं वाटलं. ज्या माणसाने पावणेतीन मिलिमीटरची चूक भिंतीवर लिहून ठेवली, त्याच्या चुका रात्री पुसायच्या? बाबांना तसं म्हटलंही. ते फक्त म्हणाले, “मग काय करू? गाडी पाडू?”

सकाळी रूळ पुसून झाले, पोहे आले, चाचांनी वीज जोडली. डिझेल इंजिन आणि चार डबे देवासहून सुटले, बोगद्यातून निघून धारच्या नव्या लाइनवर आले. बाबांनी वेग पाहिजे तसा ठेवला होता, सेकंदाला वीतभर. खऱ्या गाडीचे साधारण ६० किलोमीटर होतात. काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गाडी फलाटाला लागून पुढे गेली. एकदा, दोनदा. तिसऱ्या फेरीनंतर काकांनी हात वर केला. चाचांनी गाडी थांबवली.

“काल रात्री मी चालवून बघितली होती,” काका म्हणाले. “तुम्ही सगळे झोपल्यावर. हाताने ढकलून. फलाटाच्या तोंडाशी टक् असा आवाज येत होता. आता येत नाही.”

कुणी बोललं नाही. शेजारच्या मुलाने जलेबी तोंडात अर्धी धरून ठेवली होती.

“मे महिन्यातही आला होता, दुसऱ्या दिवशी गेला. सप्टेंबरातही.” मग बाबांकडे न बघता, म्हणजे आता मला कळतं, बाबांना दिसावं म्हणून तिरकं बघत: “मला वाटलं किती दिवस करतोय बघू. तू रात्री जागतोस, बीपी वाढेल.”

“पुढच्या वेळची जलेबी तुमची,” चाचा म्हणाले.

त्यावर सगळे जरा जास्तच हसले. मग काकांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. आत स्टेशनची पाटी होती, पिवळी, आइस्क्रीमच्या काडीची. “आता लिहिणं तुझ्याकडे. बोटं बारीक आहेत तुझी, आणि तू बंगळुरूला बसून दुसरं करतेस काय! रूळ टाकायचं काम या पोराकडे. मी ऐकायला बसतो. टक् आला तर सांगेन, आणि दिवसाउजेडी दुरुस्त करायचं.”

मी काळ्या रंगाने ‘धार’ लिहिलं, तेवढंच इंग्रजीत लिहिलं. खाली प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर असते तशी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची ओळ. आकडा काय घालू विचारलं.

“गावाची उंची मला पाठ आहे,” काका म्हणाले. “पण स्टेशन कुठल्या उंचीवर बांधतात ते बांधल्याशिवाय कसं कळणार? मोकळी सोड.”

बाबा म्हणाले, “म्हणजे शेवटी जे आहे त्याचीच नक्कल, सर.”

“आकड्यापुरती,” काका म्हणाले, आणि चाचांना गाडी सोडायला सांगितलं.