जुन्या रणगाड्याची प्रतिकृती व प्रमाणाचा पाठ

गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्टी द्वितीय महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रज सरकारने बांधली. आज तेथे विमानतळ असून वैमानिकांचे शिक्षणही चालते. त्यामुळे आसपासच्या मुलांना विमान नित्याचे झाले आहे. मात्र ज्या युद्धकाळात ही पट्टी तयार झाली, त्या युद्धातील रणगाडा त्यांनी बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. एखाद्या घरी किंवा शाळेच्या कपाटात अशा रणगाड्याच्या प्रतिकृतीचा सुट्या भागांचा जुना संच पडून असल्यास हस्तव्यवसायाच्या तासाला तो अवश्य उपयोगात आणावा. त्यातून गणिताचा जो पाठ मिळतो, तो फळ्यावरच्या उदाहरणांतून क्वचितच मिळतो.

इंग्लंडच्या एअरफिक्स या कंपनीने १९६१ पासून रणगाड्यांचे असे संच काढले. त्यांतील अमेरिकन बनावटीचा ‘शर्मन’ रणगाडा येथे उदाहरणादाखल घेतला आहे. खोके उघडण्यापूर्वी त्यावरील मजकूर मुलांना वाचावयास सांगावा. त्या काळच्या खोक्यांवर ‘एचओ’ व ‘ओओ’ अशी दोन्ही प्रमाणे एकत्र छापलेली आढळतात. ही नावे खेळण्यांतील आगगाडीच्या मापांवरून आलेली आहेत. एचओ म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीवा भाग आणि ओओ म्हणजे शहात्तरावा भाग. एकच वस्तू एकाच वेळी दोन प्रमाणांची असू शकत नाही, हे चौथीच्या मुलालाही पटेल. मग खरे कोणते? येथे शिक्षकाने उत्तर सांगू नये. मूळ शर्मनच्या आरंभीच्या प्रकाराची लांबी सुमारे ५.८४ मीटर होती. तिला ८७ ने भागल्यास सुमारे ६.७ सेंटिमीटर येतात आणि ७६ ने भागल्यास सुमारे ७.७. एवढे आकडे मुलांकडून काढून घ्यावेत आणि पट्टी त्यांच्याच हाती द्यावी. खोक्याने काहीही म्हटले असो, निर्णय पट्टीचा. रुंदी (मूळ २.६२ मीटर) व उंची (२.७४ मीटर) यांचीही अशीच परीक्षा करावी. लांबी जुळली आणि उंची जुळली नाही, असेही होऊ शकते. तसे झाल्यास तो दोष झाकू नये, वहीत नोंदवून ठेवावा.

आता जोडणीकडे वळू. चौकटीतील भाग तोडण्यापूर्वी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाग हाताने पिरगळून तोडू नयेत, कापून घ्यावेत. पाते मात्र शिक्षकाच्याच हाती असावे. संचासाठी मिळणारे चिकटद्रव्य डिंकासारखे नसते. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते. म्हणूनच ते अधिक लावले की जोड बळकट न होता नक्षीच वितळून जाते. शिवाय त्याची वाफ अपायकारक असल्याने हे काम ओसरीत किंवा झाडाखाली करावे.

जुन्या संचात सर्वाधिक त्रास देतात ते दोन्ही बाजूंचे साखळीपट्टे. ते निराळ्या, लवचिक द्रव्याचे असतात व त्यांना हे चिकटद्रव्य लागू पडत नाही. पट्ट्याच्या एका टोकाच्या खुंट्या दुसऱ्या टोकाच्या छिद्रांत बसवून, बाहेर आलेली त्यांची डोकी तापविलेल्या पेचकसाने हलकेच दाबून पसरावीत. हेही शिक्षकानेच करावे. पट्टा अनेक वर्षे चाकांच्या भागांना चिकटून राहिला असेल, तर कधी कधी त्यातील द्रव्याने चाकेही वितळलेली दिसतात. अशी खोलगट जागा भरून घासता येते, त्यासाठी संच टाकून देण्याचे कारण नाही.

चाके बसविताना मूळ यंत्राची रचना सांगावी. शर्मनला प्रत्येक बाजूस सहा चाके असून ती दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात. पट्टा ओढणारे दातेरी चक्र पुढे, तर इंजिन मागे. या दोहोंना जोडणारा दांडा तोफेच्या फिरत्या बुरुजाखालून जातो, आणि रणगाडा एवढा उंच होण्याचे ते एक कारण होते. आरंभीच्या शर्मनमधील इंजिन तर मुळात विमानासाठी घडविलेले होते. त्यात नऊ सिलिंडर सूर्यकिरणांप्रमाणे वर्तुळात मांडलेले असत. विमाने रोज पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट निश्चितच रुचेल.

याच वेळी प्रमाणाचा अवघड भाग हाती घ्यावा. लांबी ७६ पटीने कमी झाली, तर वजनही तेवढेच कमी होईल, असे मुले हमखास म्हणतात. वस्तुतः लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही कमी झाली आहेत. ७६ ला ७६ ने दोनदा गुणले की ४,३८,९७६ येतात. मूळ रणगाडा सुमारे ३० टन वजनाचा. तोच आतील यंत्रांसह, त्याच धातूंचा राहून शहात्तरावा भाग झाला, तर त्याचे वजन अवघे अडुसष्ट ग्रॅम भरेल. मूठभर वाटाण्याएवढे! उलट, जाडीच्या बाबतीत प्रतिकृती फसते. समोरचे दोन इंची चिलखत या प्रमाणात पाऊण मिलिमीटरहूनही पातळ हवे. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा एखादा साधा पत्रा तर वहीच्या कागदाहून पातळ व्हावा लागेल. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक इतके पातळ उतरत नाही, म्हणून अशा संचांतील कडा नेहमी जाडच दिसतात.

खोक्यावरील चित्रात रणगाडा नेहमी विजयी असतो. आत किती माणसे बसत, हे त्या चित्रावरून कळत नाही. शर्मनमध्ये पाच जण असत. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील मेक्तिला येथे २५५ व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडचे शर्मन लढले, तेव्हा उन्हाने तापलेल्या लोखंडात, तोफगोळ्यांच्या साठ्यालगत, माणसे बसलेली होती. जोडणी पूर्ण करण्यापूर्वी सव्वादोन सेंटिमीटर उंचीची पाच कागदी माणसे कापून, ती धडात कशी मावतात हे मुलांना पाहू द्यावे.

संच उपलब्ध नसेल तर पुठ्ठा व आगपेट्या घेऊन हीच मापे वापरावीत. पाठात उणीव येणार नाही. प्रत्यक्ष रणगाडे पाहण्याची संधी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात मिळते. तथापि गोंदियाहून ते फार दूर पडते.

बिरसीची धावपट्टी मात्र जवळ आहे. तिची आजची लांबी सुमारे २,३०० मीटर, तिचा शहात्तरावा भाग सुमारे तीस मीटर. शाळेच्या पटांगणात चुन्याने तीस मीटरची रेघ आखावी व तयार प्रतिकृती एका टोकाला ठेवावी. दुसऱ्या टोकाला एकेका मुलाने पालथे पडून, डोळा जमिनीपासून दोन बोटे वर ठेवून पाहावे. पट्टीच्या एका टोकाला उभा असलेला खरा रणगाडा दुसऱ्या टोकावरील माणसाला जेवढा दिसला असता, तेवढाच तो त्याला दिसेल.