पाण्याचा हिशेब – लेखांक ७ : हवामान पाहून सुटणारे पाणी

मागील लेखांकात तुषार संचाचा दाब आणि तोट्यांची मांडणी यांचा विचार झाला. तो संच केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा बंद राहावा हे ठरविणारा नियंत्रक हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. बंगल्यांच्या हिरवळीसाठी विकले जाणारे ‘स्मार्ट’ नियंत्रक हौसेची वस्तू मानले जातात, परंतु त्यांच्या मुळाशी असलेले शास्त्र गेवराईच्या उसाला आणि मोसंबीला हिरवळीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

हे शास्त्र जमाखर्चाचे आहे. जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि पानांवाटे होणारे पर्णोत्सर्जन मिळून पाण्याचा जो व्यय होतो, त्यास बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश यांवरून तो काढण्याचे पेनमन-माँटीथ सूत्र संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले. नियंत्रक हा व्यय पिकाच्या अवस्थेनुसार बदलणाऱ्या पीक गुणांकाने गुणतो, पडलेला पाऊस वजा करतो आणि उरलेली तूट तेवढी भरून काढतो. मे महिन्यातील एखाद्या दिवसाचा व्यय ८ मि.मी. आणि हिरवळीचा गुणांक ०.८ धरला, तर १०० चौरस मीटर हिरवळीस ६४० लिटर पाणी लागते. डिसेंबरात व्यय ४ मि.मी.वर उतरला की ३२० लिटर पुरतात, आणि केवळ घड्याळावर चालणारा संच मात्र दोन्ही महिन्यांत सारखेच पाणी सोडत राहतो.

शेतपंपांवर बसविलेला ‘ऑटो’ तर घड्याळही पाहत नाही. रात्री-अपरात्री थ्री-फेज वीज आली की तो मोटार सुरू करतो, मग शेतात वाफसा असो वा संध्याकाळीच पाऊस होऊन गेलेला असो. महावितरण हे ऑटो काढण्याचे आवाहन रोहित्रांवर एकदम येणाऱ्या भारामुळे करते. पाण्याच्या दृष्टीनेही ते तितकेच रास्त आहे.

गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. अशी जमीन ओली झाल्यावर तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरवून घेते, आणि तोट्या त्याहून वेगाने फवारत असल्याने उरलेले पाणी वाहून जाते. म्हणून चांगला नियंत्रक थोडे पाणी देऊन थांबतो, ते मुरू देतो आणि पुन्हा देतो.

नियंत्रकाची अचूकता मात्र हवामान केंद्राच्या अंतरावर अवलंबून असते. ‘महावेध’ प्रकल्पाने महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभारली, तरी वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारचे कोरडे राहते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे उपयोजन असाच हिशेब मोबाइलवर मांडते; त्यासही पावसाचा आकडा खराच मिळावा लागतो. म्हणून नियंत्रकावर पैसे घालण्याआधी शेतकऱ्यांनी आपल्या बांधावर साधे पर्जन्यमापक उभे करावे आणि रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद वहीत करावी.