चाकांवरचे घर, चाकांवरचे दुकान

फेरीचा धंदा हा आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यातला पहिला धंदा होय. आज ज्यांच्या मोठ्या पेढ्या आहेत त्यांच्या वाडवडिलांनी कधी ना कधी खांद्यावर गाठोडे घेतलेले असते. आमचेही तसेच. अब्बाजान मालेगावची रंगीत लुगडी गाठोड्यात बांधून सटाणा, कळवण, नांदगावचे आठवडे बाजार करीत. पुढे मागाला वीज लागली, लुगडे मागे पडले, ग्रे कापड आले आणि गाठोड्याच्या जागी आमची गादी आली. ज्याला दुकान घेणे जमले नाही तो फेरीवाला, अशीच आमची समजूत होती. म्हणून ऑस्ट्रेलियात जे पाहिले ते वाचक बंधूंपुढे ठेवावेसे वाटते. तेथे दुकान थाटण्याची ऐपत असलेली माणसे म्हातारपणी आपण होऊन फेरीवाली होतात.

आमची थोरली मुलगी व जावई ब्रिस्बेन शहरी राहतात. 2023 च्या जुलैत आम्ही व घरातून दोघे तिच्याकडे होतो. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा. एका रविवारी जावयाने दोन तासांच्या अंतरावरील एका लहान गावी नेले. गावाबाहेर शेतकी प्रदर्शनाचे मैदान असून तेथे महिन्यातून एकदा बाजार भरतो. मैदानाच्या कडेला पन्नासेक कॅराव्हॅन ओळीने उभ्या होत्या. कारवाँ हा आपल्या कानाचा शब्द, काफिल्याचा. तो मूळचा फारसी. युरोपात जाऊन मोटारीमागे जोडलेल्या चाकांच्या घराचे नाव झाला. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याच्या टाक्या, छपरावर सौर पत्रे. दोन माणसांचा संसार.

यांतली बहुतेक माणसे निवृत्त. पिकल्या केसांचे भटके अशा अर्थाचे ‘ग्रे नोमॅड’ हे नाव त्यांना तेथे पडलेले आहे. दक्षिणेकडे थंडी पडली की ही मंडळी एप्रिल-मे मध्ये उत्तरेकडे उबेला निघतात आणि उत्तरेचा पावसाळा सुरू होण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, परत फिरतात. आपल्याकडचे धनगर जसे पावसाचा अंदाज घेऊन मेंढरे हाकतात तसाच हा हिशेब, फक्त मेंढरांच्या जागी पेन्शन. सगळेच काही विकत नाहीत. पण ज्यांच्या हाती कला आहे ते वाटेवरच्या बाजारांत तीन मीटर लांब-रुंदीचा तंबू ठोकून बसतात.

अशाच एका तंबूसमोर आम्ही थांबलो, कारण तेथे रेशीम टांगलेले होते.

मियाँ-बीबी दोघेही सत्तरीच्या आसपासचे, व्हिक्टोरिया प्रांतातले. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, बुवा डिझेल इंजिनांचे मिस्त्री. राहते घर भाड्याने देऊन चार वर्षे रस्त्यावर होते. बाई रेशमी स्कार्फवर झाडाच्या पानांचे ठसे उमटवीत. आम्ही कापडाला हात लावला. माल चिनी, हलक्या वजनाचे साधे रेशीम, हे बोटांनी लगेच सांगितले. पण त्यावरचा रंग आम्हाला ओळखता येईना. विटकरी, नारिंगी, कडांना काळसर. पान जसेच्या तसे, शिरांसकट. ब्लॉक नाही, स्क्रीन नाही.

बाईंनी काहीही न लपवता कृती सांगितली. निलगिरीची पाने ओल्या रेशमावर मांडायची, कापड काठीवर घट्ट गुंडाळायचे, सुतळीने आवळायचे आणि जुन्या पातेल्यात तास-दोन तास वाफवायचे. बस. रेशीम व लोकर या दोन्हींवर निलगिरीचा रंग तुरटीशिवायही बसतो. सुतावर मात्र आधी तुरटी वगैरेची प्रक्रिया केल्याशिवाय तसा धरत नाही. गंजलेला खिळा सोबत गुंडाळला की काळसर छटा येते. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि प्रत्येकीचा रंग वेगळा, म्हणून प्रत्येक मुक्कामाचा माल वेगळा निघतो. सरकारी राखीव उद्यानांतून पान तोडणे गुन्हा असल्याने त्या शेतमालकाला विचारून पाने गोळा करीत. बुवांचा धंदा आणखी मजेचा. वाटेवरच्या गावांत धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने असतात. तेथून ते चांदीचा मुलामा दिलेले जुने काटे-चमचे घेत, दांड्या कापून वाकवीत आणि त्यांच्या अंगठ्या, कडी करीत. मिस्त्रीचा हात, काम सफाईचे होते.

वजनाचा हिशेब

व्यापारी माणूस म्हणून आम्ही विचारले, रेशीम आणि अंगठ्याच का? मातीची भांडी, लाकडाची खेळणी का नाहीत? बुवांनी कॅराव्हॅनच्या दारावरची लोखंडी पट्टी दाखवली. गाडीचे एकूण वजन किती असावे हे त्यावर कोरलेले असते. रिकाम्या गाडीचे वजन वजा जाता त्यांच्याकडे चारशे किलो उरत होते. त्यात पाणी भरले की दीडशे गेले. उरल्यात भांडी, कपडे, अंथरूण, हत्यारे, तंबू, टेबल. वजन कायद्याच्या वर गेले तर दंड होतो आणि अपघातात विमा मिळणे कठीण. म्हणजे माल असा हवा की किलोमागे किंमत जास्तीत जास्त यावी. साठ स्कार्फ एका पिशवीत मावतात आणि पाच किलोही भरत नाहीत. कुंभाराला हा धंदा महाग पडेल.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आम्हाला सुचली नसती. उत्तरेकडच्या बाजारात गिऱ्हाईकही बहुधा कॅराव्हॅनवालेच असते. त्याच्याही गाडीत जागा नसते. विकणारा आणि घेणारा, दोघांचे कपाट एकाच मापाचे.

खर्चाचा आकडा त्यांनी मोकळेपणाने दिला. मागे घर ओढताना गाडी शंभर किलोमीटरला सतरा-अठरा लिटर डिझेल पिते आणि त्या वर्षी लिटर दोन डॉलरच्या आसपास होता. सोयीच्या कॅराव्हॅन पार्कात रात्रीचे पन्नास डॉलर द्यावे लागतात, मैदानात पंचवीस. म्हणून ते मैदान गाठतात. बाजारही तेथेच, मुक्कामही तेथेच. बाजाराच्या जागेचे भाडे वीस डॉलर. बरा दिवस गेला तर तिघाशे डॉलरचा माल जातो, पाऊस आला तर भाडेही निघत नाही. या कमाईतून डिझेल आणि मुक्काम सुटतो. घर यावर चालत नाही आणि चालावे अशी त्यांची अपेक्षाही नाही.

कायदा सुटत नाही. बहुतेक बाजार विक्रेत्याकडे विम्याचा कागद मागतात. त्याच्या तंबूमुळे कोणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, म्हणून. वाऱ्याने तंबू उडू नये यासाठी चारही पायांना पाण्याचे कॅन बांधलेले आम्ही पाहिले. हौस म्हणून क्वचित विकणाऱ्याला कर लागत नाही, पण नफ्यासाठी नियमाने विकले की तो धंदा धरला जातो आणि धंद्याचा नंबर घ्यावा लागतो. जीएसटी तेथे 2000 सालच्या जुलैपासून दहा टक्के आहे; वर्षाची उलाढाल 75,000 डॉलरच्या खाली असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर तर फळे, भाज्या आणि मध गाडीतून काढून घेतात, किडीच्या भीतीने. आपल्याकडचे जकात नाके आठवले. असो.

मोठे बाजारही आहेत. होबार्ट शहरात सॅलामांका येथे जुन्या दगडी वखारींसमोर दर शनिवारी भरतो. डार्विनला मिंडिल किनाऱ्यावर कोरड्या ऋतूत गुरुवारी व रविवारी संध्याकाळी भरतो. ब्रिस्बेनच्या उत्तरेला यूमंडी गावचा बाजार 1979 साली सुरू झाला. आता तो बुधवारी व शनिवारी असतो. तेथे माल विक्रेत्याने स्वतः केलेला, भाजलेला, शिवलेला किंवा पिकवलेला असावा हे तत्त्व आहे. अनेक लहान बाजारही हाच नियम पाळतात. बाहेरून ठोक आणून मांडणाऱ्याला जागा नाही. आम्ही गालात हसलो, कारण तेथे आम्हालाच जागा मिळाली नसती.

आम्ही हिंदुस्थानातले कापडवाले म्हटल्यावर बाईंचा चेहरा खुलला. त्यांच्या आजीच्या शेतावर वर्षातून दोनदा एक हिंदी फेरीवाला घोडागाडी घेऊन येत असे, कापड, सुया, दोरे, बटणे. आजी त्याची वाट बघे. हे खरे असणार. 1860 साली कराचीहून चोवीस उंट आणि त्यांचे सारवान मेलबर्नला उतरवले गेले, वाळवंटाच्या शोधमोहिमेसाठी. पुढे पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाब भागांतून आणखी माणसे गेली. त्यांतले अनेक मुसलमान. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. रेल्वे पोहोचली नव्हती तेथे माल यांच्या उंटांनी पोहोचवला आणि पुष्कळांनी परवाना घेऊन फेरीचा धंदा केला. अॅडिलेडची मशीद 1888-89 मध्ये बांधली गेली. ब्रोकन हिल येथे उंटवाल्यांची पत्र्याची मशीद अजून उभी आहे. 1901 च्या कायद्याने अशा लोकांना नव्याने येण्याची वाट जवळजवळ बंद झाली. त्या माणसांचे ना पेन्शन होते ना भाड्याने दिलेले घर. त्यांचा कारवाँ हौसेचा नव्हता.

जुमेरातची संध्याकाळ

आता मुद्द्याची गोष्ट. एका स्कार्फवर 65 डॉलरची चिठ्ठी होती. बाजार उठायला अर्धा तास होता, गर्दी पांगली होती, त्या दिवशी त्यांचे चारच स्कार्फ गेले होते. ही वेळ आम्ही ओळखतो. आम्ही मुलीला म्हटले, सांग, दोन घेतो, शंभर डॉलर. मुलगी लाजली पण तिने सांगितले. बाई हसल्या. रागावल्या नाहीत. स्कार्फ हातातून घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. म्हणाल्या, हा नाही गेला तर पुढच्या गावी जाईल.

पुढच्या गावी जाईल! तीस वर्षे आम्ही गादीवर बसतो, पण माल घेऊन आलेल्या कोणाच्या तोंडून हे वाक्य ऐकलेले नाही.

आमच्या मालेगावात माग जुम्म्याला बंद असतात आणि आठवड्याचा पगार त्याआधी द्यावा लागतो. ज्याचे आठ-दहाच माग आहेत तो जुमेरातीच्या संध्याकाळी थान घेऊन गादीवर येतो. त्याला रोख पाहिजे असते हे त्याच्या बसण्यावरून कळते. मग मीटरमागे पंचवीस पैसे, कधी पन्नास पैसे आम्ही कमी बोलतो. तो उठत नाही. उठून जाणार कोठे? शेजारच्या गादीवरही जुमेरातच असते. यात आम्ही खोटे माप देत नाही, उधारी बुडवीत नाही; बाजारभाव म्हणतात तो असाच ठरतो असे आम्ही मानत आलो.

बाईंच्या घडीत काय होते ते परतीच्या वाटेवर जावयाने उलगडले. तेथे 1992 पासून मालकाने नोकराच्या पगारावर ठरावीक टक्के रक्कम त्याच्या निवृत्ती फंडात भरणे कायद्याने सक्तीचे आहे. 2025 च्या जुलैपासून हे प्रमाण 12 टक्के झाले. शिवाय सदुसष्टीनंतर ऐपत पाहून सरकारी पेन्शन मिळते. पेन्शनवाल्याने अंगमेहनतीने पंधरवड्याला 300 डॉलरपर्यंत कमावले तर ते पेन्शनच्या हिशेबात धरत नाहीत, आणि 2019 पासून ही सवलत स्वतःचा लहान धंदा करणाऱ्यालाही आहे. म्हणजे संध्याकाळचे जेवण बाईंच्या स्कार्फवर अवलंबून नव्हते. म्हणून भाव टिकला. तो हुनराचा भाव होताच, पण त्याच्या पाठीशी भरलेला डबा होता. हे न पाहता, आपले कारागीरही परदेशी बाजारांसारखे थेट गिऱ्हाइकाला विकतील तर सुखी होतील, असे जे भाषणांत सांगतात ते अर्धेच सांगतात. दिल्ली हाट 1994 पासून आहे, तेथे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवस गाळा मिळतो. 2016 पासून काही वर्षे ठिकठिकाणी हुनर हाट भरले. चांगलेच झाले. पण पंधराव्या दिवशी संध्याकाळी, परतीचे तिकीट काढलेले असताना, उरलेल्या मालाचे काय भाव होतात हे तेथे बसलेल्याला विचारावे.

आम्ही दोन स्कार्फ 130 डॉलरला घेतले. घरातून म्हणाल्या, एवढ्यात चार साड्या आल्या असत्या. ते खरेच होते.

परतल्यावर एक काम केले. आमच्या मोहल्ल्यातली एक बेवा बाई आमच्याच गादीवरच्या चिंध्या नेऊन गोधड्या शिवते. एक गोधडी आम्ही चारशेला घेत होतो आणि पुण्याच्या व्यापाऱ्याला पाठवीत होतो. तिकडे ती कितीला जाते हे आम्हाला माहीत होते, तिला नव्हते. आम्ही विचारले, आपा, एका गोधडीला किती दिवस लागतात? म्हणाली, डोळे चांगले असतील तर नऊ, नाहीतर बारा. आम्ही तिच्यासमोर कागदावर हिशेब मांडला, पुण्याचा भावही सांगितला आणि म्हटले, यापुढे भाव तुम्ही बोला. घाई नाही, या महिन्याची उचल आधीच घेऊन जा.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग दबक्या आवाजात म्हणाली, “भाईजान, काही चूक झाली का? माल बंद तर नाही ना करणार?”