विश्लेषण : नवजात बाळाचा जंतुसंसर्ग वेळेत का ओळखला जात नाही?

बाळ काल नीट दूध पीत होते, आज तोंडही उघडत नाही. ताप नाही, रडणे नाही, नुसते झोपून आहे. घरातले म्हणतात, ‘शांत आहे बिचारे.’ डॉक्टरांच्या लेखी मात्र हीच धोक्याची खूण असते. बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा परिसरात असे बाळ आजारी पडले, तर त्याचे निदान कुठे आणि कसे होते? रुग्णालयाची ‘सज्जता’ म्हणजे नेमके काय?

नवजात सेप्सिस म्हणजे काय?

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जंतू बाळाच्या रक्तात शिरून शरीरभर पसरणे म्हणजे नवजात सेप्सिस. पहिल्या ७२ तासांतला संसर्ग बहुधा प्रसूतीच्या वेळी आईकडून येतो. नंतरचा संसर्ग अस्वच्छ हात, नाळेची जखम किंवा रुग्णालयातील नळ्या-उपकरणांतून होतो. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना धोका अधिक. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे देशात २०, तर महाराष्ट्रात ११ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली. या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत जंतुसंसर्ग आहे.

निदान इतके अवघड का?

मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो. नवजात बाळ उलट थंड पडू शकते. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर. त्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्याआधी साधारण एक मिलिलिटर रक्त निर्जंतुक पद्धतीने घ्यावे लागते. अहवालाला किमान एक-दोन दिवस जातात आणि संसर्ग असूनही कधी कधी जंतू वाढत नाहीत. ‘सीआरपी’ ही रक्ततपासणी लवकर होते; पण हे प्रमाण वाढायला काही तास लागतात. त्यामुळे सुरुवातीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. म्हणून डॉक्टर लक्षणे पाहूनच उपचार सुरू करतात. औषध चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे, हे कल्चर सांगते.

कल्चर नसेल तर काय बिघडते?

उपचार अंदाजाने चालतात. गरज नसलेल्या बाळालाही प्रतिजैविके मिळतात आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मून अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. त्यातील १४.३ टक्के बाळांना सेप्सिस होता आणि आढळलेल्या जंतूंपैकी अनेक एकाहून अधिक औषधांना दाद देत नव्हते. हे कळले, कारण तिथे कल्चरची सोय होती.

मांजरसुंब्याहून बाळाला कुठे न्यायचे?

सरकारी रचनेत तीन पायऱ्या आहेत. प्रसूती होते तिथे नवजात शिशू कोपरा, त्यावर ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे ‘एसएनसीयू’. मांजरसुंबा धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. घाट उतरला की बीडचे जिल्हा रुग्णालय. दुसऱ्या दिशेला नेकनूर, केजवरून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. रस्ता आहे, पण प्रवासात बाळ थंड पडले किंवा पहिला डोस राहून गेला, तर पुढच्या यंत्रांचा उपयोग कमी होतो. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात (२०११) आजारी नवजात बाळाची तपासणी, औषधे आणि रुग्णवाहिका मोफत आहे.

यंत्रांशिवाय काही करता येते का?

याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या महिलांना बाळाची लक्षणे ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशा सेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताईने पाहायचे असते. बाळाला वर नेणे शक्यच नसेल, तर एएनएमने जेंटामायसिन देण्याची मुभा २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे.

ऊसतोडीच्या हंगामात काय होते?

बीडची खरी अडचण इथे आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. फडाजवळच्या कोपीत बाळ जन्मले, तर गावची आशाताई तिथे नसते आणि तिथल्या आशाताईच्या यादीत ही आई नसते. ज्या भेटींत आजार ओळखायचा, त्याच चुकतात.

मग रुग्णालय सज्ज कधी म्हणायचे?

नुसते यंत्र बसवून नाही. रात्री दोन वाजताही बाळाचे श्वास मोजणारी परिचारिका हवी. पहिला डोस वजनानुसार लगेच मिळायला हवा आणि कल्चरचा नमुना त्याआधी घेतलेला असावा. पाठवताना बाळ आईच्या छातीशी उबदार असावे, पुढच्या रुग्णालयाला फोन गेलेला असावा. अहवाल परत येऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती पडायला हवा. यातली एक कडी तुटली, तरी बाळाचा वेळ जातो.

घरच्यांनी काय पाहावे?

- बाळ दूध ओढत नाही
- हलवल्याशिवाय हालचाल करत नाही किंवा झटके येतात
- मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाते
- अंग तापलेले किंवा गार

यापैकी एकही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. घुटी, अंगारा यांत वेळ घालवू नका. बाळाला छातीशी धरा आणि १०८ ला फोन करा.