मणिकर्णिकेची मनू

काशीतील पंचगंगा घाटाच्या उत्तरेस लागून असलेला दुर्गाघाट, जेथे नवदुर्गांपैकी ब्रह्मचारिणीचे मंदिर आहे, आणि त्याला खेटून असलेला ब्रह्माघाट हा परिसर, पेशव्यांना पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात काशीस स्थायिक झाल्यानंतर, मराठी वस्तीसाठी प्रसिद्ध झाला. याच काशीत, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांच्या पोटी जन्मलेल्या मुलीचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले आणि घरात त्याचे ‘मनू’ झाले. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून ओळखली गेली.

‘कर्णिका’ म्हणजे कानातले भूषण. विष्णूचे उग्र तप पाहून शंकरांनी कौतुकाने मान डोलावली, तेव्हा त्यांच्या कानातील रत्नजडित भूषण चक्रपुष्करिणी कुंडात गळून पडले आणि काशीतील त्या तीर्थास मणिकर्णिका हे नाव मिळाले, अशी काशीखंडातील कथा आहे. आईबापांनी मुलीला तीर्थाचेच नाव दिले, यात काशीवासाची श्रद्धा स्पष्ट दिसते.

एवढे लांब नाव हाक मारताना आखडणे साहजिकच. परंतु हे आखडणे म्हणजे नावाची मोडतोड, हा समज चुकीचा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात ‘अनुकंपा’, म्हणजे माया वा कळवळा, या अर्थाने होणाऱ्या अशा रूपांसाठी स्वतंत्र सूत्रे दिली आहेत: अनेक स्वरांच्या नावातील दुसऱ्या स्वरापुढचा भाग गळतो आणि प्रत्यय लागतो, म्हणून देवदत्ताचे देविक, देविय किंवा देविल होते. मराठीत प्रत्यय बदलला, प्रवृत्ती तीच राहिली. येथे नावाचा आरंभ राखून पुढे ‘ऊ’ लावला जातो, जसे सदाशिवाचा सदू, दत्तात्रेयाचा दत्तू, यशोदेची येसू. मणिकर्णिकेतही ‘म’ टिकला, ‘ण’चा ‘न’ झाला आणि शेवटी ‘ऊ’ आला. स्मृतिकार मनूशी या नावाचा संबंध नाही. हा ‘ऊ’ मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो, म्हणून मनोहरही मनूच होतो. उलट ‘सद्या’, ‘गंगी’ यांतील ‘या’ आणि ‘ई’ लिंग दाखवतात आणि त्यांत सलगीबरोबर तुच्छताही डोकावू शकते.

पुढे मनू बिठूरला राहत असताना दुसरे बाजीराव तिला ‘छबिली’ म्हणत, असे सांगितले जाते. ते मात्र रूपावरून पडलेले टोपणनाव होय, मूळ नावाचे लघुरूप नव्हे. 1842 मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याशी विवाह झाल्यावर, प्रथेप्रमाणे सासरचे ‘लक्ष्मीबाई’ हे नाव मिळाले आणि मणिकर्णिका हे नाव व्यवहारातून मागे पडले; त्या काशीच्या नावाची आठवण लोकांच्या तोंडी मुख्यतः ‘मनू’ या दोन अक्षरांनीच टिकवली.